गारवा राखणारा माणूस

१९९९च्या फेब्रुवारीत आमच्या कॉलेजचा वॉटर कूलर बिघडला नसता, तर महिपत हातिसकर हे नाव माझ्या कानावर कधी आलंच नसतं.

त्या दिवशी विज्ञान दिनाचं व्याख्यान होतं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यामुळे वक्ता शोधण्यापासून चहाच्या कपांपर्यंत सगळं माझ्याच अंगावर पडलेलं. वक्ते होते भास्कर लिमये. पुण्याकडे ऑक्सिजन बनवणाऱ्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढून ते नुकतेच हेदवीला, आपल्या गावी, राहायला आले होते. विषय त्यांनीच निवडला होता, ‘पृथ्वीपलीकडे माणूस’. तीन महिन्यांपूर्वीच अवकाशस्थानकाचे पहिले भाग वर जाऊन जोडले गेले होते. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येत होते आणि मुलांना त्याचं अप्रूप होतं.

लिमयेसाहेबांनी फळ्याच्या उंचीचं रॉकेट काढलं आणि त्याचा जवळजवळ सगळा भाग खडूने भरून टाकला.

“हे सगळं इंधन,” ते म्हणाले. मग टोकाशी उरलेल्या नखाएवढ्या जागेवर बोट ठेवलं. “आणि इथे माणसं. चंद्रावर जायचं तर एवढं. मंगळावर जायचं तर याच्या कितीतरी पट. म्हणून हे आपल्यासारख्या देशांचं काम नाही. हा श्रीमंतांचा खेळ आहे.”

प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीप्रमाणे सगळी मुलं खाली बघायला लागली. तेवढ्यात दाराकडून आवाज आला, “साहेब, एक विचारू? सगळं तेल बंदरातच कशाला भरायचं?”

सगळ्या माना वळल्या. दारात निळ्या शर्टातला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस पाना हातात घेऊन उभा होता. मागे भिंतीला कूलरचा पत्रा टेकवून ठेवलेला.

“म्हणजे कसं?” लिमयेसाहेबांनी विचारलं.

“आमच्याकडच्या मोठ्या बोटी पंधरा-पंधरा दिवस भायेर असतात. तेवढ्या दिवसांचं डिझेल नि बर्फ घेऊन निघाल्या तर मासळीला जागाच नाय उरणार. मग दुसरी बोट मागनं जाते, समुद्रातच माल देते. तसं वर नाय का करता येत? लहान रॉकेटांनी फेऱ्या मारून तेल वर नेऊन ठेवायचं. माणूस शेवटाला जाईल, हलका. वर भरून घेईल नि पुढं निघेल.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. लिमयेसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“कल्पना जुनी आहे. मोठमोठ्यांनी मांडलेली आहे. पण हे डिझेल नाही हो. हा द्रवरूप ऑक्सिजन, शून्याखाली एकशे त्र्याऐंशी अंश. हायड्रोजन तर त्याहून गार. नुसता टाकीत ठेवला तरी उकळतो आणि उडून जातो. सगळ्या फेऱ्या होईपर्यंत टाकीत उरणार काय?”

“म्हंजे अडचण नेण्याची नाय,” तो माणूस म्हणाला, “टिकवण्याची हाय.” आणि तो परत कूलरकडे गेला. आभारप्रदर्शन संपेपर्यंत नळाला गार पाणी यायला लागलं होतं.

पुढच्या सोमवारी दुपारी तो माझ्या प्रयोगशाळेत हजर. हातात शाळकरी वही. “बाई, परवा ते साहेब उकळून जातं बोलले. म्हंजे दिवसाला किती?”

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितल्यावर त्याला माझ्याविषयी विश्वास वाटला, असं त्याने मला खूप नंतर सांगितलं.

महिपतदादा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. वडिलांची लहान बोट होती, पण सोळाव्या वर्षी कानाला दुखापत झाली, समुद्रावर तोल जायला लागला, म्हणून ते किनाऱ्यावर राहिले. नववीपर्यंत शिकलेले. तीस वर्षं मिठाच्या पाण्यात डबे सोडून बर्फाच्या लाद्या काढणं, अमोनियाचा कॉम्प्रेसर आवाजावरून ओळखणं हे त्यांचं काम. गावातल्या कुणाचाही फ्रीज, कूलर, आइस्क्रीमची पेटी बंद पडली की त्यांनाच बोलावणं जायचं. बायको गंगा बाजारात मासे विकायची. दोघंच जण. मूल नव्हतं, आणि त्याविषयी ते दोघंही बोलत नसत.

“तीस वर्षं मी एकच काम केलं, बाई,” ते म्हणाले. “गारवा राखणं. कुठनं ऊब आत शिरते ते शोधायचं नि ती वाट बंद करायची. आता वर काय वेगळं असणार?”

मी लिमयेसाहेबांना पत्र टाकलं. आठवड्याने त्यांचं दाट अक्षरातलं चार पानी उत्तर आलं. वर हवा नाही, म्हणून ऊब येते ती फक्त उन्हाच्या आणि पृथ्वीच्या किरणांनी, आणि टाकी जिथे जिथे यानाला जोडलेली असेल त्या सांध्यांतून. टाकीभोवती चमकदार पापुद्र्यांचे बरेच थर गुंडाळतात. दोन थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक जाळी घालतात. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘हे घरी करून बघता येत नाही.’

ही ओळ मी महिपतदादांना वाचून दाखवायला नको होती.

“जाळी आमच्याकडं हाय,” ते म्हणाले.

पुढची तीन-साडेतीन वर्षं आमचे बहुतेक रविवार माझ्या प्रयोगशाळेत त्यात गेले. स्टेनलेस स्टीलची एक लहान दुधाची कॅन एका मोठ्या कॅनमध्ये बसवायची, मधली हवा पंपाने काढून टाकायची आणि आतल्या कॅनमधला गारवा किती दिवस टिकतो ते मोजायचं, असा बेत होता. ऑक्सिजन धोक्याचा, म्हणून आम्ही द्रवरूप नायट्रोजन घ्यायचं ठरवलं. तो शून्याखाली एकशे शहाण्णव अंश, पण जळत नाही. रत्नागिरीत तो कुठे मिळणार या काळजीत मी होते. महिपतदादांनी दोन दिवसांत पत्ता काढला. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी लागणारं वीर्य त्याच नायट्रोजनमध्ये ठेवतात. पंधरवड्याला गाडी यायची आणि जुन्या साठ्यातलं उरलंसुरलं तिथले डॉक्टर आम्हाला देऊ लागले. “गाईंचं नुकसान होऊ देऊ नका म्हणजे झालं,” एवढीच त्यांची अट.

गणपतीच्या मखराला लावतात तो चमकी कागद बाजारातून आणला. दोन कॅनमधली मान धातूची असती तर ऊब तिथूनच उतरली असती, म्हणून महिपतदादांनी फायबरच्या बोटी दुरुस्त करणाऱ्याकडून पातळ फायबरची नळी बनवून घेतली. आतली कॅन हलू नये म्हणून ती बारा बाजूंनी जाळ्याच्या नायलॉन दोरीने ताणून बांधली. आत कुठेही धातूला धातू लागत नव्हता.

पहिल्या रविवारी पंप सुरू करून आम्ही चहा प्यायला बसलो आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. बाहेरची कॅन पापडासारखी चेपली होती. आतली हवा काढल्यावर बाहेरची हवा किती जोराने दाबते हे मी वर्गात दर वर्षी शिकवत होते, आणि तरीही माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. शेजारच्या इमारतीतून प्राचार्य धावत आले. मी काहीतरी सारवासारव करत होते. महिपतदादा कॅनभोवती उकिडवे बसून तिच्यावरून हात फिरवत होते. “बरगड्या पायजेत हिला,” ते एवढंच म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी नव्या कॅनला आतून गोल लोखंडी कडी वेल्ड करून आणली.

कॅन टिकली, पण गारवा टिकेना. आठ किलो नायट्रोजन दीड दिवसात संपायचा. गंगावहिनींचा मासे तोलायचा काटा आणून आम्ही दर तीन तासांनी वजन करून वहीत टिपायचो आणि प्रत्येक वेळी आकडा आमच्या अपेक्षेपेक्षा खाली गेलेला असायचा. मी थर वाढवायला सांगितले. वीसचे तीस झाले, तिसाचे चाळीस. काही फरक पडेना, उलट चाळिसांना जरा वाईटच निकाल आला. लिमयेसाहेबांचं पोस्टकार्ड आलं : ‘पूर्वीच सांगितलं होतं.’

एका रविवारी महिपतदादा आलेच ते हसत. “बाई, मी गाढव हाय,” ते म्हणाले. “काल एका बोटीचा बर्फाचा खण भरत होतो. भिंतीत भाताचा तूस घालतात ना? नवा खलाशी पायांनी दाबून भरत होता. मी त्याला ओरडलो, दाबू नको रे, तूस दाबला की बर्फ लवकर जातो. आणि ओरडता ओरडता थांबलो. आपण कागद कसा गुंडाळलाय? ताणून. दाबून. छान दिसावा म्हणून.”

आम्ही सगळे थर सोडले. या वेळी फक्त पंचवीस थर, सैल, अंगावर घेतलेल्या शालीसारखे, आणि मध्ये जाळी. तो नायट्रोजन पाच दिवस राहिला.

लिमयेसाहेबांना मी आकडे कळवले. या खेपेला पोस्टकार्ड आलं नाही, ते स्वतःच आले. बरेच तास कॅनसमोर बसून त्यांनी वजनाच्या तिन्ही वह्या चाळल्या. मग म्हणाले, “आतल्या कॅनच्या बुडाला खास भाजलेला कोळसा लावा. मागे राहिलेली हवा तो गारठल्यावर शोषून घेतो. आमच्या कारखान्यात नारळाच्या करवंटीपासून केलेला वापरायचो.”

“करवंटीचा?” महिपतदादा खो खो हसले. “तेवढ्यासाठी तुमी पुण्याला गेलात?”

तो कोळसा लावल्यावर नऊ दिवस.

२००२च्या शेवटी मला एक जाहिरात दिसली. बंगळूरच्या एका खासगी विज्ञान संस्थेने खुली स्पर्धा ठेवली होती. माणसाला पृथ्वीच्या कक्षेपलीकडे कमी खर्चात कसं नेता येईल, याचे आराखडे मागवले होते. निवडलेल्या दहा जणांनी मार्चमध्ये येऊन तो मांडायचा. मी महिपतदादांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कधी नव्हे ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वही घेऊन आले.

ते सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे. नवं प्रचंड रॉकेट बांधू नका, जी लहान रॉकेटं आज नेमाने उडतात त्यांनीच इंधन वर न्या. वर एक टाकी ठेवा, तिला उन्हापासून आडोसा करा, सैल थरांनी मढवा, दोऱ्यांनी लटकवा. जे थोडं उकळेल ते सौरपट्ट्यांवर चालणाऱ्या लहान कॉम्प्रेसरने गार करून परत द्रव करा. प्रवासी शेवटी जातील. सोबत आमची आकडेवारी आणि लिमयेसाहेबांनी तपासून दिलेली गणितं.

अर्जाच्या पहिल्या पानावर लेखकांची नावं आणि पदव्या लिहायच्या होत्या. मी माझं नाव लिहिलं, पदव्या लिहिल्या. दुसऱ्या ओळीवर माझं पेन अडलं. नववी नापास की पास, तेही मला ठाऊक नव्हतं. परीक्षक पहिल्याच पानावर अर्ज बाजूला ठेवतील अशी भीती वाटली. मी लिहिलं, ‘तांत्रिक मदतनीस : एम. हातिसकर’. टाइप करून आलेली प्रत मी त्यांना उत्साहाने दाखवली. इंग्रजी त्यांना सफाईने वाचता येत नसे, पण यंत्रांवरच्या पाट्या वाचून वाचून शब्द लावता येत. पहिल्या पानावरच्या दुसऱ्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग “छान झालंय,” म्हणून उठले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. कारखान्यात काम असेल असं मी स्वतःला सांगत होते, पण मनातून मला कारण माहीत होतं. तिसऱ्या रविवारी मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. गंगावहिनी ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या.

“ते कारखान्यात गेलेत,” त्या म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभीच राहिले. मग त्यांनी सूप खाली ठेवलं. “बाई, तुमचं नाव मोठं लिवा. तुमी शिकलेल्या, तुमचा मान हाय. पण तीन वर्षं हे रविवारचं जेवण सोडून कुणाला मदत करायला जात नव्हते. ते त्यांचंच काम करायला जात होते.”

तिथून मी तशीच कारखान्यावर गेले. महिपतदादा क्रशरपाशी उभे होते, लाद्यांचा चुरा बोटीकडे नळीतून जात होता आणि त्या आवाजात माफी मागणं अवघड होतं. शेवटी त्यांनीच मला हाताने बाहेर चला म्हणून खूण केली.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “मला भीती वाटली की तुमचं शिक्षण बघून ते वाचणारच नाहीत. पण ती भीती त्यांची नव्हती, माझी होती.”

त्यांनी हात पुसले. “नाव खाली असलं तरी चालेल मला. पण मदतनीस नको, बाई.”

“नाव वरच असणार,” मी म्हटलं. “पदवीच्या जागी काय लिहू ते तुम्ही सांगा.”

त्यांनी कारखान्याच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, “लिवा, तीस वर्षं बर्फ कारखाना.” मी तेच लिहिलं. निवड झालेल्या दहांत आमचं नाव होतं.

त्यानंतर एक फेब्रुवारीला ती बातमी आली. सोळा दिवस अवकाशात राहून परतणारं अमेरिकेचं यान उतरण्याच्या काही मिनिटं आधी तुटलं. सातही जण गेले. त्यांत आपल्या देशात जन्मलेली ती मुलगी होती. संध्याकाळी टीव्हीवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी रविवार असूनही मी कॉलेजात गेले नाही. महिपतदादा मात्र गेले होते. शिपायाने सांगितलं, कुलूप बघून ते पायरीवर तासभर बसून होते. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, “आमच्या वाडीत असं झालं की आठ दिवस कोण बोट काढत नाय. मग एक जण काढतो. मग सगळे काढतात. पण त्या आठ दिवसांत सगळ्या बोटी तपासून होतात.” त्या आठवड्यात आमचा आराखडा त्यांनी पहिल्यापासून पुन्हा माझ्याकडून वाचून घेतला आणि तीन जागा बदलायला लावल्या.

मार्चमध्ये आम्ही निघालो. कोकण रेल्वेने मडगाव, तिथून बसने बंगळूर. कॅन गोणत्यात बांधून सोबत. गंगावहिनीही आल्या. “एवढी तीन वर्षं माझा काटा अडकवून ठेवलात, बघू तरी काय केलंत ते,” म्हणाल्या. गाडीत लोक गोणत्यात काय आहे विचारायचे आणि वहिनी प्रत्येकाला शांतपणे सांगायच्या, “चंद्रावर जायचं सामान.”

सभागृह थंडगार होतं. महिपतदादांनी आत पाऊल टाकल्या टाकल्या वर बघितलं आणि पुटपुटले, “एसी मोठा लावलाय यांनी, कामाच्या दुप्पट.” आमच्या आधीच्या सगळ्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. आम्ही टेबलावर कॅन ठेवली. महिपतदादा मराठीत बोलले, मी इंग्रजीत सांगत गेले. पहिली पाच मिनिटं ते मान वर न काढता वहीतून वाचत होते. मग ते सांध्यांवर आले आणि माणूसच बदलला. एका परीक्षकाने विचारलं, “थरांचं ठीक आहे. पण टाकीच्या आधारांतून येणाऱ्या उष्णतेचं काय? बहुतेक लोक तिथेच फसतात.” मी भाषांतर करायच्या आत महिपतदादांना ‘सपोर्ट’ हा शब्द कळला होता. त्यांनी खिशातून पाना काढला, बाहेरच्या कॅनचं वरचं झाकण खोललं आणि नायलॉनच्या बारा दोऱ्यांवर तरंगणारी आतली कॅन बोटाने हलवून दाखवली. मागे बसलेले दोघेतिघे उठून पुढे आले.

मग एका वयस्क बाईंनी माइक घेतला. त्यांचा आवाज कडक होता. “गेल्याच महिन्यात सात माणसं मेली. अशा वेळी ‘स्वस्त’ हा शब्द वापरताना तुम्हाला काही वाटत नाही?”

मी तो प्रश्न सांगितला. महिपतदादांनी पाना टेबलावर ठेवला.

“वाटतं,” ते म्हणाले. “बाई, मी दर्याकाठचा माणूस हाय. माझा चुलता बोटीबरोबर गेला. स्वस्त कुठं करायचं नि कुठं नाय हे आमाला कळतं. तेल नेणारी शंभर रॉकेटं स्वस्त करा. त्यातलं एखादं पडलं तर पडलं, कुणाच्या घरी रडणं नाय. पुन्हा भरून पाठवा. माणूस ज्यात बसणार ते एकच, आणि ते सगळ्यात लहान. ते लहान हाय म्हणूनच त्यावर हवा तेवढा खर्च करता येईल, हवं तेवढं तपासता येईल. आज तुमी माणूस नि सगळं सामान एकाच बोटीत घालता. म्हणून ती मोठी होते, नि म्हणून महाग होते. आणि महाग झाली की मग माणसाच्या जागी काटकसर सुरू होते.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्या बाईंनी माइक खाली ठेवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंतर जेवणाच्या वेळी त्या गंगावहिनींच्या शेजारी येऊन बसल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. पण पानातला मासा किती दिवसांचा आहे हे वहिनींनी त्यांना खुणांनी सांगितलं आणि त्या इतक्या हसल्या की लोक वळून बघायला लागले.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं नाही, दुसरंही नाही. ते मिळायला हवं होतं असंही म्हणवत नाही. ज्यांना मिळालं त्यांचं गणित आमच्याहून पुष्कळ पक्कं होतं. आमचा विशेष उल्लेख झाला. संस्थेने आमच्या वजनाच्या तिन्ही वह्यांच्या प्रती मागून घेतल्या, आणि पुढच्या वर्षी निघालेल्या संग्रहात आमचा लेख छापून आला. पुस्तक पोचलं त्या दिवशी महिपतदादांनी ते कारखान्यात नेलं. परत आणलं तेव्हा त्याला माशांचा वास होता आणि मुखपृष्ठावर पाण्याचे डाग.

त्या लेखाचं अवकाशात काय झालं ते मी सांगू शकत नाही. जमिनीवर काय झालं ते सांगते. गुरांच्या दवाखान्यातल्या दोन जुन्या कॅन, ज्यांत नायट्रोजन टिकेनासा झाला होता, त्या महिपतदादांनी उघडून नव्याने सैल थर घालून दुरुस्त केल्या. डॉक्टरांनी ते वरच्या ऑफिसला कळवलं आणि चिपळूण, लांज्याहूनही कॅन येऊ लागल्या. २००५ साली इथल्या एका तंत्रशिक्षण संस्थेने त्यांना आठवड्यातून दोन दिवस शीतयंत्रांचं प्रात्यक्षिक शिकवायला बोलावलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला सोबत यायला सांगितलं, आणि दारापाशी पोचल्यावर म्हणाले, “आता तुमी जा, बाई. तुमी समोर असलात तर मला परीक्षा दिल्यासारखं वाटेल.” खिडकीतून मी थोडा वेळ ऐकलं. पंचवीस मुलं होती आणि एकही खाली बघत नव्हतं.

लिमयेसाहेब २००७मध्ये गेले. त्यांच्या मुलाने हेदवीहून एक खोकं पाठवलं. त्यात त्यांच्या हातची आणखी गणितं होती, आमची टाकी वीस पट मोठी केली तर काय होईल याची. आम्हाला न सांगता ते करत बसले होते.

२००९च्या सप्टेंबरात, एका सकाळी मी कॉलेजला निघायच्या घाईत असताना दारावर थाप पडली. महिपतदादा. साठीला टेकलेले, चालताना थोडे वाकलेले, हातात वर्तमानपत्र. आपल्या चांद्रयानावरच्या उपकरणाला चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्याची बातमी पहिल्या पानावर होती.

“वाचलंत?”

“वाचलं,” मी म्हटलं. “पण फार थोडं आहे, दादा. मातीत मिसळलेलं.”

“इथं तसं लिवलंय. पण खाली हेही लिवलंय की ध्रुवाजवळ खड्डे हायत, तिथं कधीच ऊन पोचत नाय. तिथं बर्फ असेल असं शास्त्रज्ञांना वाटतं.” ते खुर्चीच्या कडेवर बसले. “पाणी फोडलं की ऑक्सिजन नि हायड्रोजन, हे तुमीच मला शिकवलंत. म्हंजे तेल खालनं न्यायलाच नको. निदान परतीचं तरी नको. पण त्या खड्ड्यात इतकी थंडी असणार की लोखंड काचेसारखं फुटेल, वंगण दगड होईल. बर्फ खणायचा कशाने? माणूस तिथं किती वेळ उभा राहील? ते मला कुणी सांगत नाय.”

“मलाही माहीत नाही,” मी म्हणाले.

“म्हंजे शोधायला पायजे.” त्यांनी पिशवीतून नवी वही काढली. पहिलं पान आधीच भरलेलं होतं, त्यांच्या मोठ्या, सावकाश अक्षरात, अकरा प्रश्न. “संस्थेतली चार पोरं नि दोन पोरी तयार हायत. गुरांच्या डॉक्टरांनाही विचारून ठेवलंय, नायट्रोजन देतो बोलले. आधी वंगण बघू. कुठलं तेल किती गारठ्यात घट्ट होतं ते एकेक करून.”

मी घड्याळाकडे बघितलं. पहिला तास बुडणार होता. कॉलेजला फोन करून कळवलं, आणि वहीतला पहिला प्रश्न मोठ्याने वाचायला घेतला.